नकाशातल्या रस्त्याला वाफसा नसतो

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजन समितीचा फोन आला तेव्हा मला सांगण्यात आलं, "तू कॉम्प्युटरवाली, तर एआयवर बोल." मी म्हटलं, एआयवर आता सगळेच बोलतात, मला चिखलावर बोलू द्या. पलीकडे जरा शांतता पसरली. मग उत्तर आलं, "बोल, पण पंधरा मिनिटांत बाहेर नीघ." आता गंगथडीच्या चिखलातून पंधरा मिनिटांत बाहेर निघता आलं असतं, तर या भाषणाची गरजच पडली नसती.

बीड जिल्ह्यातल्या माणसाने चिखलावर बोलावं, हे ऐकायला विचित्र वाटतं. आपली ओळख दुष्काळाची. वर्षाची सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, तीही वेळेवर पडेल याची खात्री नाही. आपण वाढलो ते टँकर, हंडे आणि "यंदा मघा बरसल्या का" या प्रश्नात. पण आपल्यातल्या अनेकांना 1989 चा बिंदुसरेचा पूरही आठवत असेल. तेव्हा आपण लहान होतो. आणि 2025 चा सप्टेंबर तर कोणीच विसरणार नाही. सिंदफणा, मांजरा, गोदावरी सगळ्या एकदम भरल्या आणि सोयाबीन, कापूस, तूर पाण्यात उभी राहिली. दुष्काळी जिल्ह्याला पावसाची तयारी नसते, आणि ती सगळ्यात कमी असते आपल्या मातीच्या रस्त्यांना.

आपल्या भूगोलाच्या बाईंनी फळ्यावर जिल्ह्याचा नकाशा काढून मधून एक तिरपी पट्टी ओढली होती, बालाघाटाची. वर घाटमाथा, खाली गंगथडी. आष्टी, पाटोदा, धारूरच्या बाजूला मुरमाड, खडकाळ जमीन. पाऊस थांबला की तासाभरात वाट चालण्याजोगी. गेवराई, माजलगावच्या बाजूला गोदाकाठची खोल काळी जमीन. तिथे पाऊस थांबला तरी चार-चार दिवस रस्ता रस्ता राहत नाही. म्हणून घाटावरच्या माणसाचा सल्ला थडीवर चालत नाही. एकाच जिल्ह्यात 11 तालुके, पण पावसाळ्यात जिल्हे दोन.

आता या काळ्या मातीचं काय होतं ते विज्ञानाच्या सरांसमोर सांगते, चुकलं तर थांबवावं. आपली माती बेसॉल्टची, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या खडकाची. तो झिजून जी माती झाली, तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. कागदाच्या गठ्ठ्यासारखे त्याचे पातळ थर असतात. पाणी त्या थरांमध्ये शिरतं आणि गठ्ठा फुगतो. उन्हाळ्यात पाणी निघून गेलं की तोच गठ्ठा आक्रसतो, म्हणून मे महिन्यात रानात हात जाईल अशा भेगा पडतात. ओली झाली की वरचा थर साबणासारखा निसरडा आणि खालचा मऊ. इंजिनिअर लोक रस्त्याखालच्या मातीची ताकद एका आकड्यात मोजतात. ठरलेल्या प्रतीच्या खडीला 100 धरलं, तर भिजलेल्या काळ्या मातीची किंमत बऱ्याचदा दोन-तीनच्या आसपास येते. तीच माती वैशाखात विटेसारखी टणक असते. म्हणजे रस्ता तोच आणि लांबी तीच, पण जूनमध्ये तो दुसराच पदार्थ होतो.

आता मी गेल्या सप्टेंबरचा प्रसंग सांगते, कारण हे सगळं मला पुस्तकातून कळलं नाही.

माझी मावशी गेवराई तालुक्यात शेतवस्तीवर राहते. डांबरी रस्त्यापासून वस्ती अडीच किलोमीटर, मधे पाणंद. तिला आठवड्यातून दोनदा डायलिसिस लागतं, मंगळवारी आणि शुक्रवारी, बीडला. रविवारी पाऊस सुरू झाला. मंगळवारी ज्या जीपमधून ती जाते ती जीप पाणंदीत आसापर्यंत रुतली आणि मंगळवार हुकला. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरने जीप ओढून काढली. जीप निघाली, पण पाणंदीत गुडघाभर खोल दोन चर पाडून गेली आणि त्यात पाणी साचलं. डॉक्टरांनी फोनवर स्पष्ट सांगितलं, "शुक्रवार चुकवू नका." डायलिसिसवरच्या माणसाच्या अंगात पाणी आणि पोटॅशियम साठत जातं. दोन वेळा ओळीने चुकल्या तर श्वासावर आणि हृदयावर येतं. तेव्हा हा रस्त्याचा प्रश्न राहिला नव्हता.

मी पुण्यात. आमची गाडी दुरुस्तीला होती, म्हणून स्वतः चालवायची गाडी भाड्याने घेतली आणि गुरुवारी रात्री अहिल्यानगर, पाथर्डी करत निघाले. करार वाचायची मला सवय आहे, आमच्या धंद्यात बारीक अक्षरांतच सगळं असतं. त्यात एक कलम होतं की कच्च्या रस्त्यावर गाडीचं नुकसान झालं तर विमा लागू नाही. असं कलम बहुतेक भाड्याच्या गाड्यांच्या करारात असतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यातला शब्द मला लागला. त्यांनी लिहिलं होतं "ऑफ-रोड". म्हणजे रस्ता सोडून. माझी मावशी, तिची सून, शाळेत जाणारी नातवंडं, सगळी माणसं त्या कलमाप्रमाणे रस्ता सोडून राहतात.

शुक्रवारी पहाटे डांबरी रस्ता संपतो तिथे पोचले. फोनमधला नकाशा म्हणत होता, उजवीकडे वळा, सात मिनिटं. निळी रेघ सरळ, कुठे अडथळा नाही, गर्दी नाही. समोर पाणंद होती की नाला, हे नुसतं बघून सांगता आलं नसतं.

मावसभावाचा मुलगा मला घ्यायला चालत आला होता. वय वीस, अंगात रग. म्हणाला, "आत्या, द्या चावी. दुसऱ्या गियरमधी रेटतो, कुठं थांबायचंच नाही." कोरड्या मातीत किंवा रेतीत त्याचं म्हणणं बरोबरही असतं. एकसारखा वेग, ब्रेक नाही, स्टिअरिंगला झटका नाही. पण काळ्या चिखलात टायरच्या खाचा पहिल्या दहा फुटांतच भरतात आणि चाक गुळगुळीत होतं. मग चिखल चाक आणि मडगार्डच्या मधे जाऊन बसतो आणि चाकच फिरेनासं होतं. लहान गाडीचं पोट जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच. चाकं चरात गेली की ती पोटावर बसते.

मी चपला काढून शंभर पावलं चालून पाहिली. मग वाकून एक ढेकूळ उचललं आणि मुठीत दाबलं. हे मला आजोबांनी शिकवलेलं. पेरणीच्या आधी ते असंच करायचे. मूठ उघडल्यावर माती बोटांना चिकटली तर अजून ओल आहे. भुगा झाला तर उशीर झाला. गोळा होऊन अलगद फुटला तर वाफसा. माझ्या मुठीतून त्या दिवशी बोटांच्या मधून चिखल बाहेर आला.

तेवढ्यात दादाचा फोन आला. "गाडी खाली उतरवू नको बरं का, बाई. तू फसलीस तर आम्हाला बाज घेऊन यायलाबी वाट राहत नाही." माझ्या पायांना जे कळलं होतं तेच त्याने बोलून दाखवलं. पाणंद अरुंद, दोन्हीकडे काटेरी कुंपण. गाडी मधे अडकली तर ती नुसती गाडी राहत नाही, ती बूच होते. मी गाडी डांबरावरच वळवून बीडकडे तोंड करून उभी केली.

मग वस्तीवरच्या चौघांनी मावशीला बाजेवर घेतलं. ते पाणंदीने आले नाहीत, बांधाने आले. बांधावर गवताची मुळं माती धरून ठेवतात, तिथे पाय कमी बुडतो. मधे ओढा होता, त्यात पाणी मांडीखाली आहे हे काठीने बघूनच पुढे पाय टाकला. अडीच किलोमीटरला सव्वा तास लागला. मावशीचे पाय सुजलेले आणि धाप लागलेली, तरी मला बघून म्हणाली, "लग्नात डोली नव्हती गं, ती आज मिळाली." चौघंही हसले. त्यांच्यातल्या एकाच्या टाचेत काटा मोडला होता, हे मला संध्याकाळी कळलं.

पुढचे पन्नास किलोमीटर डांबर. त्या रस्त्यावर गाडीने आपलं काम केलं. वाटेतल्या एका फरशी पुलावरून पाणी जात होतं, म्हणून लांबच्या रस्त्याने गेलो. वाहत्या पाण्याचं गणित साधं आहे. एक फूट पाणी लहान गाडी ढकलून नेऊ शकतं, दोन फूट पाणी बहुतेक गाड्या नेतं. शिवाय पाण्याखाली फरशी शिल्लक आहे की वाहून गेली, हे वरून दिसत नाही. साडेदहाला मावशी मशीनवर होती. पुढचे चार तास मी बाकावर बसून होते, आणि आज जे बोलते आहे ते तिथे बसून सुचलेलं आहे.

मित्रांनो, वाट दाखवणाऱ्या नकाशांचा पाया एका डच माणसाने घातला, एड्सखर डायक्स्ट्रा. 1956 मध्ये ॲमस्टरडॅमच्या एका कॅफेत कॉफी पिताना वीसेक मिनिटांत त्याने रीत शोधली आणि 1959 मध्ये ती छापली. प्रत्येक रस्त्याला एक आकडा द्यायचा, अंतराचा किंवा वेळेचा, आणि कमीत कमी बेरजेची वाट शोधायची. फार सुंदर रीत आहे. आम्ही इंजिनिअरिंगला ती शिकलो आणि आजही वापरतो. पण ती एक गोष्ट धरून चालते, की रस्त्याला आकडा आहे. आमच्या पाणंदीचा आकडा एप्रिलमध्ये सात मिनिटं, आणि त्या शुक्रवारी आकडाच नाही. वर आणखी एक गंमत आहे. गर्दीचा अंदाज नकाशाला सहसा त्या वाटेने जाणाऱ्या फोनांवरून येतो. पावसात पाणंदीने कोणी जात नाही, म्हणून गर्दी दिसत नाही, आणि गर्दी नाही म्हणून वाट मोकळी समजली जाते. अडकलेली माणसं घरात बसलेली असतात. नकाशाला ती दिसत नाहीत.

आमच्या क्षेत्राकडे यासाठी शब्द नाही. आपल्या भाषेकडे आहे, वाफसा. जमीन ओली नाही, कोरडी नाही, भार घ्यायला तयार आहे, अशी अवस्था. आपण तो शब्द औतापुरता ठेवला. खरं तर तो रस्त्याचाही शब्द आहे. नकाशातल्या रस्त्याला लांबी असते, रुंदी असते, नाव असतं. वाफसा नसतो.

हे फक्त आपल्याकडे घडतं असं समजू नका. कामानिमित्त मी दोन वर्षं अमेरिकेत ॲरिझोनात होते. तिथे वाळवंट आहे, आणि जुलै ते सप्टेंबरमधल्या तिथल्या पावसाला ते लोक मान्सूनच म्हणतात. एकदा आम्ही भाड्याच्या गाडीने शेजारच्या युटा राज्यात गेलो. तिथे कॉटनवुड कॅन्यन नावाचा सुमारे 46 मैलांचा मातीचा रस्ता आहे, अतिशय देखणा. माहिती केंद्रातल्या बाईंनी आम्हाला गाडी कोणती, चालवता येतं का, असं काही विचारलं नाही. एकच विचारलं, "पाऊस शेवटचा कधी पडला?" आदल्या संध्याकाळी पडला होता. त्या म्हणाल्या, मग आज नाही. आम्ही लांबच्या डांबरी रस्त्याने गेलो. नंतर वाचलं, तिथल्या मातीत बेंटोनाइट आहे, ज्वालामुखीच्या राखेपासून झालेलं, आणि त्यातलं मुख्य खनिज तेच, मॉन्टमोरिलोनाइट. म्हणजे गेवराईच्या मातीची ती मावसबहीणच. आणि त्या बाईंचा प्रश्न अगदी आजोबांचा होता.

2023 च्या सप्टेंबरमध्ये नेवाडातल्या ब्लॅक रॉक वाळवंटात एका मोठ्या जत्रेत हजारो माणसं अशीच अडकली. आटलेल्या तळ्याची ती जमीन, पाऊस झाला आणि वाहनं बंद. आयोजकांनी सांगितलं, पाणी-अन्न जपून वापरा, जमीन वाळेपर्यंत गाड्या हलवू नका. कितीतरी लोक बुटांवर चिखलाचे गोळे घेऊन मैलोन् मैल चालत बाहेर पडले. श्रीमंत देश, मोठ्या गाड्या, आणि उपाय तोच, थांबा. ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागात तर पावसानंतर मातीचे रस्ते सरळ बंद करतात, फलक लावतात, आणि बंद रस्त्यावर गाडी घातली तर दंड करतात. कारण एक गाडी गेली की तिचे चर पुढे महिनाभर सगळ्यांना भोगावे लागतात.

पण तिथल्यात आणि आपल्यात एक फरक आहे. युटाच्या त्या रस्त्यावर मी हौसेने जाणार होते. नाही गेले तर एक फोटो हुकला. आपल्या पाणंदीच्या टोकाला माणूस राहतो. त्याला "थांबा" एवढंच सांगून भागत नाही. डायलिसिस थांबत नाही, बाळंतपण थांबत नाही, दुधाचे कॅन थांबत नाहीत. आपल्याच वर्गातली काही मुलं दिवाळीनंतर आईबापांसोबत ऊसतोडीला जायची आणि बाकं रिकामी राहायची, आठवतं ना? पावसाळ्यातही काही बाकं रिकामी असायची. ती चिखलापलीकडची मुलं होती. हजेरीत दोघांनाही "गैरहजर" एवढाच शब्द होता.

यावर उपाय नाही असं नाही. काळ्या मातीवर नुसता मुरूम टाकला तर दोन पावसाळ्यांत तो खाली जातो आणि चिखल वर येतो. आधी पाण्याला वाट करून द्यावी लागते. दोन्ही बाजूंनी चर, मधे उंचवटा, ओढ्यावर नळकांडी. मातीत चुना मिसळला की तिचं फुगणं कमी होतं. आपल्या परळीच्या औष्णिक केंद्राची राखही या कामी येऊ शकते. मग दगड, मग मुरूम. यात नवीन काहीच नाही.

कायदाही आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966, कलम 143, बांधावरून वाट मागण्याचा हक्क. मामलेदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5, असलेली वाट कोणी अडवली तर ती मोकळी करून घेण्यासाठी. दोन्हीकडे अर्ज तहसीलदारांकडे. 2021 मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत पाणंद रस्ते योजना आली. आणि गावाचा जुना नकाशा काढून बघा, त्यात गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने आणि पायवाट एकेरी तुटक रेषेने दाखवलेली असते. आपल्या पणजोबांच्या काळी ज्या वाटा होत्या, त्यांतल्या कितीतरी नांगराच्या एकेका तासाने बांधाच्या पोटात गेल्या. अडचण पैशांची आहेच, पण बहुतेक वेळा ती दोन भावकीतल्या तीन फूट जमिनीची असते.

मावशीच्या पाणंदीचं सांगायचं तर अर्ज झाला आहे, मोजणी झाली आहे, एका शेजाऱ्याची संमती बाकी आहे. तोवर दादाने निर्णय घेतला. जून ते ऑक्टोबर मावशी बीडमध्ये भाड्याच्या खोलीत राहणार. ती म्हणते, "माझं रान मला पावसात दिसतच नाही आता." जन्मभर पावसाची वाट बघितलेल्या बाईला पाऊस आला की घर सोडावं लागतं. याला सोय झाली असं म्हणायला माझी जीभ वळत नाही.

म्हणून आज एक मागणं आहे, आणि ते पैशांचं नाही. या सभागृहात महसूल खात्यातले आहेत, जिल्हा परिषदेचे अभियंते आहेत, वकील आहेत, डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत, आणि सगळ्यात जास्त शेतकरी आहेत. मी एक साधी वही आणली आहे, चार रकान्यांची. गाव आणि वस्ती. वाट किती लांब. पाऊस थांबल्यावर किती दिवसांनी गाडी जाते. आणि पलीकडे आजारी, गरोदर किंवा शाळकरी कोणी आहे का. तिसरा रकाना कुठल्याही नकाशात नाही, तो फक्त तुम्हाला माहीत आहे. तुम्ही तो भरून द्या, त्याचा नकाशा करून देणं माझ्याकडे लागलं. 108 वर फोन लावणाऱ्याला निदान हे तरी सांगता येईल की रुग्णवाहिका कुठल्या वळणावर उभी करायची आणि बाज कुठल्या बांधाने आणायची. कलम 143 चा अर्ज लिहायला आपल्यातले दोघे वकील तयार आहेत, मी त्यांना आधीच विचारून ठेवलं आहे. भावकीला समजावण्याचं काम मात्र आपल्या गुरुजींनी घ्यावं. तुमच्यासमोर अजूनही कोणी मोठ्याने बोलत नाही.

वही दाराजवळच्या टेबलावर आहे. पेन दोरीने बांधलं आहे, कारण मी तुम्हा सगळ्यांना शाळेपासून ओळखते. जेवायला जाताना एक ओळ भरून जा.